कार्डाच्या कडेला लिहिलेलं

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. माझं वय आता ब्याऐंशी. या वयात कुणाला घाबरवून मला काय मिळणार? पटत नसेल त्यांनी खुशाल हसावं.

तारीख १७ नोव्हेंबर १९७९, शनिवार. दुपारचे तीन वाजले होते. गाव आमचंच, इंग्लंडच्या लिंकनशरमधलं स्केल्बी स्पा.

रात्र नव्हती, वादळ नव्हतं. गावच्या हॉलमध्ये नाताळचा बाजार भरला होता. जुन्या वस्तूंच्या टेबलामागे ग्लेनिस बसली होती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने एक जुनं पोस्टकार्ड माझ्यापुढे नाचवलं.

"मेव्हिस, बघ! आपलं जुनं चर्च. तुझे बाबा घंटा वाजवायचे ना, तेच. घेऊन जा म्हाताऱ्याला. तेवढेच दोन दिवस तुझ्यावर खेकसायचे नाहीत."

ते चर्च पाडूनही वीस वर्षं झाली होती. घंटासुद्धा भंगारात गेली होती. मी हसत कार्ड उलटलं.

मग तारीख वाचली.

१२ मे १९३८...

त्या दिवशी माझी बहीण गेली होती.

ईडिथ. सात वर्षांची. घटसर्प झाला होता. मी पाच वर्षांची होते, मला लागण होऊ नये म्हणून आत्याकडे धाडलं होतं. आई तर माझ्या जन्माच्या वेळीच गेलेली. म्हणजे घरात बाबा एकटेच.

तेव्हा आमच्याकडे माणूस गेलं की घंटा वाजायची. मूल असेल तर आधी तीन टोले, बाई असेल तर सहा, पुरुष असेल तर नऊ. मग जरा थांबून वयाचे टोले. शेतात वाकलेली माणसं कंबर सरळ करून मोजायची आणि कोण गेलं ते ओळखायची.

एकोणीस वर्षं बाबांनी गावातल्या प्रत्येकासाठी तो दोर ओढला होता.

ईडिथसाठी त्यांना तो ओढवला नाही.

त्या सकाळी मनोऱ्याचं दार आतून लावून, दोर मांडीवर घेऊन ते तासभर नुसते बसून राहिले. मग उठून बाहेर आले. पुन्हा कधी त्यांनी दोराला हात लावला नाही.

गावात कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडची माणसं अशीच. ज्याच्या घरात दुःख आहे त्याच्याशी हवेबद्दल बोलतील, दारात केक ठेवून जातील, पण विषय काढणार नाहीत. बाबांनी त्याचा एकच अर्थ घेतला. मी माझ्या पोरीला घंटेशिवाय पाठवलं, आणि गाव माझी कीव करतंय. एकेचाळीस वर्षं ते हे मनात घेऊन जगले.

आणि या कार्डावर, गावच्या औषधी झऱ्याचं पाणी प्यायला आलेल्या कुणा पाहुणीने लिहिलं होतं...

"प्रिय आई, इथलं पाणी औषधी असेल, पण चव सडक्या अंड्यासारखी आहे. आज सकाळी चर्चची घंटा वाजली. आधी तीन, मग सात. आमची घरमालकीण हातातलं काम टाकून उभी राहिली. म्हणाली, ही आमच्या वॉल्टरची पोर. बिचाऱ्याने कसा ओढला असेल दोर!"

वॉल्टर म्हणजे माझे बाबा.

मी कोट न घालताच घरी धावले. बाबा शेकोटीपाशी बसले होते. त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.



"मी नाही वाजवली, पोरी. देवाशपथ. दोर माझ्या मांडीवर होता. तसूभरही हलला नाही. मला तर काहीच ऐकू आलं नाही!"

"पण गावाने ऐकली असेल, बाबा. तुम्हीच वाजवली असं वाटलं असेल सगळ्यांना. मग कोण कशाला बोलेल?"

"एकेचाळीस वर्षं... एकानेही सांगू नये?"

"तुम्ही तरी कुणाला विचारलंत?"

बाबा ओक्साबोक्शी रडले. त्यांना रडताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. "वाजली गं," एवढंच म्हणत राहिले. "माझ्या ईडीची वाजली."

कार्डाच्या कडेने पेन्सिलीने आणखी काहीतरी लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, कार्ड फिरवून फिरवून. मला ते लागेना. बाबांनी भिंग मागितलं आणि स्वतःच वाचायला घेतलं.

वाचता वाचता ते थांबले.



आणि माळ्यावरून आवाज आला. कर्र... कर्र...

जाड दोर ताणल्यावर येतो तसा. आमच्या माळ्यावर जुन्या खुर्चीशिवाय काही नव्हतं.

"बाबा, ऐकलंत?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मेव्हिस, तू आता किती वर्षांची झालीस?"

"सेहेचाळीस. का?"

"काही नाही. चहा टाक."

मी चहा घेऊन आले तेव्हा कार्डाचा एक कोपरा ओला झाला होता.

"हे काय झालं?"

"चहा सांडला. वेंधळाच आहे मी."

चहा तर माझ्या हातात होता...

त्यांचा अंगठा जांभळा झाला होता. पूर्वीच्या काही पेन्सिली ओल्या झाल्या की असा रंग सोडायच्या. मी काही बोलणार तोच त्यांनी माझा हात धरला. चहा निवून गेला तरी सोडला नाही.

बाबा पुढच्या मार्चमध्ये झोपेतच गेले. चौऱ्याऐंशी पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते.

त्यांना पोचवून आल्यावर मी भिंग घेऊन बसले. कार्डाच्या कडेला लिहिलं होतं...

"घंटा थांबून परत सुरू झाली. नऊ टोले, मग चौऱ्याऐंशी. घरमालकीण म्हणते, गावात दुसरं कुणी गेलेलंच नाही. ती पांढरीफटक पडली आहे. आई, आता तिसऱ्यांदा वाजतेय. सहा. म्हणजे कुणी बाई. आणि मग..."

पुढे आकडा होता.

बाबांनी तो ओल्या अंगठ्याने पुसून टाकला होता.

आमच्या घरात बाई म्हणाल तर मी एकटीच उरले होते. तो आकडा लांबचा होता की जवळचा? माझा हात त्यांनी आनंदाने धरला होता की भीतीने? मला आजही सांगता येत नाही. सत्तेचाळिसावं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. त्यानंतर पस्तीस वर्षं निघाली.

ते कार्ड अजून कपाटात आहे. उजेडापुढे धरलं तर त्या जांभळ्या डागातून कदाचित आकडा दिसेलही. मी धरत नाही. बाबांनी पुसलाय, तर तो पुसलेलाच राहू दे.

फक्त, हल्ली दुपारी चहा टाकला की माळ्यावरून पुन्हा तो आवाज येतो. कर्र... कर्र... घंटा मात्र अजून वाजलेली नाही.

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटतं. तो दोर ओढताना मोठी माणसंसुद्धा घामाघूम व्हायची, आणि आता तो ओढणारी आमची ईडी अवघी सात वर्षांची.