निळ्या फितींचा चोर

“पैज लावतो, हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!” मर्व्ह पॉपनी चहाचा मग टेबलावर आपटला. अंगणात शेजारीपाजारी होते, गावच्या अग्निशामक दलाचे स्वयंसेवक होते, रान साफ करून देणारा ट्रॉय होता. तुतीची पेस्ट्री खाऊन सगळ्यांची तोंडं जांभळी झाली होती.

“पॉप, तुमच्यावर एरवी तरी कोण विश्वास ठेवतं?” लॅकी म्हणाला. पॉपचा हा नातू वयानं नऊ वर्षांचा आणि तोंडानं नव्वदचा!

सगळे हसले. पण पॉपच्या तोंडी सोपवली तर गोष्ट मगरीच्या पाठीवर बसून थेट चंद्रावर जायची. म्हणून लॅकीच्या बहिणीनं, बारा वर्षांच्या टॅम्सिननं, डोळ्यांनी जे पाहिलं तेच आधी ऐका.

सप्टेंबरची सुट्टी लागली आणि ही भावंडं पॉपच्या घरी आली, तर घर जवळजवळ दिसेनाच! चारही बाजूंनी घाणेरीचं रान माजलेलं. कांगारूंच्या ह्या देशात उन्हाळा डिसेंबरात, म्हणजे तो तोंडावर आलेला, आणि उन्हाळा म्हणजे वणवे. अग्निशामक दलाची चिठ्ठी दारात येऊन पडली होती : घराभोवतीचं रान महिनाअखेरीच्या आत काढा. पॉपचे गुडघे कधीच संपावर गेलेले. त्यांना खाली पडलेला चमचाही उचलता येत नसे. शेवटी बाबांनी शहरातल्या ट्रॉयला काम दिलं.

सोमवारी ट्रॉय आला तोच झाडोरा भरडणारं भलंमोठं यंत्र घेऊन. यंत्राची चावी त्याच्या बोटाभोवती गरगर फिरत होती. तिला काडेपेटीएवढा लालभडक बिल्ला होता.

“काका, कुठली झाडं ठेवायची तेवढं दाखवा,” तो पॉपना म्हणाला. “त्यांना निळी फीत बांधतो. यंत्रात बसलं की पानांच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. निळं दिसलं की थांबायचं, बाकी सगळ्याचा भुसा! बुधवारी सकाळी सातला सुरू.”

पॉपनी नऊ झाडं दाखवली. शेवटचं दाखवताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. घाणेरीनं गळ्यापर्यंत गिळलेली ती तुती नॅननं, म्हणजे पॉपच्या बायकोनं, लावलेली होती, ह्या घरात राहायला आल्या दिवशी. नॅनला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी पॉप रोज सकाळी तिच्या तुतीला हाक मारून हवापाणी सांगत.

“हिला दोन फिती बांध रे बाबा,” ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी टॅम्सिन तुती खायला गेली आणि धावतच परत आली.

“लॅकी! तुतीच्या दोन्ही फिती गायब! नऊ झाडांपैकी चारच झाडांना फिती उरल्यात!”

“चोर!” लॅकीचे डोळे चमकले. “मला संशय हरकीरतचा. तिच्याकडे सगळं निळंच असतं!”

“काय म्हणालास?” कुंपणावरून उडी मारून हरकीरत पुढ्यात उभी. शेजारच्या ब्लूबेरीच्या मळ्यातली ही टॅम्सिनची मैत्रीण. “आमची फळं निळी म्हणून मी चोर? मग तुझं नाक लाल म्हणून तू टोमॅटो का?”

“भांडण नंतर!” टॅम्सिननं दोघांना गप्प केलं. ट्रॉयच्या उरलेल्या गुंडाळीतली एक फीत तिनं तुतीला बांधली आणि तिघंही कोंबड्यांच्या खुराड्यामागे दबा धरून बसली.

अर्धा तास गेला. एक कोंबडी लॅकीच्या बुटाची नाडी गिळायला निघाली. तेवढ्यात फडफड झाली! काळानिळा, रेशमासारखा चकचकीत पक्षी फांदीवर उतरला. डोळे जांभळे! त्यानं फितीचं टोक चोचीत धरलं, पाय रोवून हिसडे दिले, गाठ सोडवली आणि शेपटासारखी फीत फडकवत घाणेरीत घुसला.

“अगं बाई, हा तर कुंजपक्षी!” हरकीरत कपाळावर हात मारून म्हणाली. “चला माझ्यामागे. रांगत!”

काट्यांनी केस ओढले, कोपरं सोलली. पण आत काय दिसावं! काटक्यांच्या दोन उभ्या भिंती, मधे गल्ली आणि पुढ्यात निळ्या वस्तूंचं प्रदर्शन. बाटल्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, पेनाची टोपणं, पॉपचा हरवलेला टूथब्रश आणि फितीच फिती!

“मादीवर छाप पाडायला मांडतो हे सगळं,” हरकीरत कुजबुजली. “आमच्या क्रेटवरची लेबलंसुद्धा सोडत नाही. पण लाल रंगाचं त्याला भारी वावडं. ठेवून बघ.”

लॅकीनं खिशातलं लाल झाकण गल्लीच्या तोंडाशी ठेवलं आणि तिघं मागे सरकली. पक्षी आला, झाकणाकडे बघून त्यानं खर्र असा आवाज काढला, ते चोचीत उचललं आणि लांब भिरकावून दिलं!

संध्याकाळी त्यांनी पॉपना सगळं सांगितलं, अगदी वाटेसकट. पॉपनी लगेच ट्रॉयला फोन लावला.

“पक्षी फिती चोरतो?” फोनमधून हसणं ऐकू आलं. “मर्व्हकाका, सोमवारी तुम्ही मला नांगराला जुंपलेल्या मगरीची गोष्ट सांगितलीत. आज पक्षी! उद्या काय, कांगारू चहा करणार?”

पॉपनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना थाप मारल्याचा पस्तावा झालेला टॅम्सिननं पाहिला.

बुधवारी सकाळी पावणेसातला मुलं अंगणात हजर! “ट्रॉयकाका, निदान एकदा येऊन बघा! तुतीवर फीत नाहीये!”

“पोरांनो, माझी कामाची एक पद्धत आहे,” कानाला फोन लावलेला ट्रॉय म्हणाला. “निळं ते राहील, बाकी जाईल. बाजूला व्हा बघू.” आणि बोलत बोलत तो कुंपणापर्यंत गेला. चावी यंत्राच्या सीटवरच राहिली. मुलं विनवण्या करत त्याच्यामागे गेली, पण दहा मिनिटं झाली तरी त्याचा फोन संपेना.

टॅम्सिननं दोघांना हाताला धरून ओढलं. “त्याला दाखवायला फिती तरी आणूया! पळा!”

तिघं पुन्हा घाणेरीत शिरली. गल्लीपासून हातभर अंतरावर, पालापाचोळ्यात, टॅम्सिनच्या हाताला काहीतरी थंड लागलं. यंत्राची चावी!

बाहेर ट्रॉय खिसे उलटेपालटे करत होता. “सीटवरच तर ठेवली होती! गेली कुठे?”

“सापडली!” टॅम्सिन झाडोऱ्यातून ओरडली. “पण ज्यानं नेली त्याच्या घरी. तुम्ही स्वतः येऊन घ्या. रांगत!”

ट्रॉय बडबडत, शिंकत, टोपी काट्यांत अडकवत आत आला आणि थबकला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच फिती हारीनं मांडलेल्या होत्या. त्यानं एकेक मोजली. त्यानं बांधलेल्या दहाच्या दहा, वर टॅम्सिननं बांधलेली एक.

“मी यंत्र सुरू केलं असतं तर...” त्याचा चेहरा उतरला. “एकही झाड उरलं नसतं.”

“तुतीसुद्धा,” टॅम्सिन म्हणाली.

मग मात्र ट्रॉय कामाला वाघ निघाला! नऊही खोडांना त्यानं पांढऱ्या चुन्याचे पट्टे ओढले. तुतीभोवतीची घाणेरी यंत्राला हात न लावता करवतीनं, फांदी फांदी करून सोडवली. अग्निशामक दलाला विचारून घरापासून लांबचा तेवढा एक झुडपांचा पुंजका कुंजपक्ष्यासाठी ठेवला. शनिवार उजाडेपर्यंत घर मोकळा श्वास घेत होतं. पॉपच्याच्यानं दहा वर्षांत झालं नसतं ते तीन दिवसांत झालं. व्हरांड्यातून नॅनची तुती खालपासून वरपर्यंत दिसत होती. पॉपनी ट्रॉयचा हात दोन्ही हातांत धरला. एकही थाप न जोडता ते नुसतं “आभारी आहे” म्हणाले, आणि ही त्या मुलखातली खरीखुरी आश्चर्याची गोष्ट होती.

म्हणूनच हा शनिवारचा चहा.

“ह्या तिघांनी माझी अब्रू वाचवली,” ट्रॉय सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाला. “यापुढे कुठेही गेलो तरी आधी तिथल्या मुलांना विचारणार.” टाळ्या कडाडल्या. अग्निशामक दलाच्या कप्तानबाईंनी तिघांना आपलं हेल्मेट आळीपाळीनं घालायला दिलं.

“पण खरा उपकार त्या पाखराचा!” पॉप छाती फुगवून म्हणाले. “मी याच खुर्चीत बसलो होतो. ह्या डोळ्यांनी पाहिलं! ते खाली आलं, सीटवर बसलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चावी उचलली आणि भुर्रकन घाणेरीत! विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू!”

“एक मिनिट!” लॅकी बाकावर चढून उभा राहिला. हेल्मेट त्याच्या नाकापर्यंत आलं होतं. “पॉप, साफ खोटं! चावीचा बिल्ला लाल होता. तो पक्षी लाल वस्तूला जवळसुद्धा येऊ देत नाही! आणि चमचा उचलता येत नाही म्हणता, मग बुधवारी सकाळी तुमच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांना चिखल कसला होता?”