झुकलेला ऐन

"ओ! काय चाललंय? त्या झाडाला सोडा आधी!"

श्रुतिकाने डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि कोयती उगारली. कारणच तसं होतं! घरामागच्या ऐनाला एक परका तरुण चक्क मिठी मारून उभा होता आणि बुंध्यात लोखंडी दांडा पिळत होता. एप्रिलचं ऊन, पाठीला चिकटलेला शर्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"मारू नका! वनखात्याची परवानगी आहे."

"झाड आमचं हाय. वनखात्यानं लावलं का?"

"मग… तुम्हीच द्या ना परवानगी. थोडी उशिरा."

हसू आलं होतं तिला, पण तिने ते दाबलं. त्याचं नाव ऋत्विक. पुण्याहून आला होता. आंबेनळीच्या या डोंगरांतलं जंगल वर्षावर्षाला कसकसं वाढलं, त्याचा अभ्यास करायला. त्याने झाडातून पेन्सिलीएवढी बारीक काडी ओढून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"हा एकेक पट्टा म्हणजे एकेक वर्ष. पाऊस बरा झाला की रुंद, पावसानं ओढ दिली की बारीक. आणि हे… तुमच्या जन्माचं वर्ष."

"तुम्हाला काय माहीत मी कधी जन्मले ते?"

"अंदाज केला. चुकला असेल तर सांगा."

"मुलीचं वय काढायची ही नवीनच तऱ्हा!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन स्वतःच आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर टेपचं टोक धरून उभी राहिली. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं की दोघंही झाडाकडे बघायची… झाड बिचारं काय करणार!

पाचव्या दिवशी तो एकाएकी थबकला. काड्या उलटसुलट करून बघत राहिला. "पाच वर्षांपूर्वी इथं काय झालं होतं?"

श्रुतिकाने ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. समोरच्या डोंगराला लाल मातीचा भलामोठा ओरखडा होता. तिथं वाडी होती. तिची आई बनुबाई त्या दिवशी तिथं बारशाला गेली होती. पावसात डोंगर खाली आला. चार दिवस तिच्या बापाने हातांनी चिखल उकरला. "आई सापडलीच नाय," ती म्हणाली. "तिथंच हाय ती."

ऋत्विकने हातातल्या काड्या तिच्यापुढे धरल्या. मग त्याने खरं तेच सांगितलं. झाड कलायला लागलं की सावरायला धडपडतं, वरच्या अंगाला जाड लाकूड भरतं. हा ऐन पाच वर्षं सावरतोय. म्हणजे हा उतारही सरकतोय… वर घर आहे, त्या घरासकट.

त्यांच्या दांडवाडीची बाकीची अकरा घरं केव्हाच खाली रस्त्याकडेच्या सरकारी खोल्यांत गेली होती. राहिले होते एकटे भागोजी, तिचे आबा. "बनू हितं हाय. तिला टाकून मी कुठं जाऊ?" एवढंच ते म्हणायचे. आणि त्यांना टाकून श्रुतिका जाणार नव्हती.

काड्या बघून भागोजी हसले. "अरे, खालच्या अंगाच्या फांद्या दरसाल राबासाठी मीच तोडतो. पाला शेतात जाळल्याबिगर भाताचं रोप नाय येत. पाला नाय त्या अंगाला लाकूड कसं भरंल?"

ऋत्विकचा चेहरा पडला. "खरंय. हे मला माहीत नव्हतं."

तरी गडी हटला नाही. ज्यांच्या फांद्या कुणीच तोडत नाही असे साग शोधून त्याने नऊ दिवसांत अठरा झाडं तपासली. सगळीकडे तेच. आबांना दाखवायला निघाला, तेव्हा श्रुतिकाने त्याला पायवाटेवर गाठलं.

"आबा विचारतील, डोंगर कधी पडणार? यंदाच पडणार म्हणा. एवढं खोटं बोला… माझ्यासाठी."

आबांनी तेच विचारलं. ऋत्विकने एकदा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सांगता येत नाही, आबा. झाड झालेलं सांगतं, होणारं नाही. पण धोका आहे."

"मग झालं तर!" भागोजी उठले.

"एक शब्द! एक शब्द जड झाला तुला?" बाहेर येऊन ती त्याच्यावर कडाडली.

"आणि यंदा नाही पडला तर? पुढच्या वर्षी ते परत वर येतील, आणि मग माझं कधीच ऐकणार नाहीत."

बरोबर होतं ते, म्हणून तर तिचा जास्तच संताप झाला. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो पुण्याला गेला. ती रोज तो लाल ओरखडा बघायची, आपल्या घराची भिंत बघायची आणि झोपताना आबांच्या श्वासाकडे कान लावायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऋत्विक परत आला. खांद्यावर वळकटी, हातात स्टोव्ह.

"आबा, पावसाळाभर इथंच राहतो."

"का रे? काम संपलं ना?"

"संपलं. पण श्रुतिका इथं राहणार असेल तर मीही."

"ती तुझी कोण?"

"अजून कुणी नाही. पण माझं प्रेम आहे तिच्यावर. तिला विचारलेलं नाही… ती बोलतच नाही माझ्याशी."

दारात सूप धरून उभ्या श्रुतिकाचे कान तापले. "येडा हाय हा, आबा!" ती म्हणाली, पण दारातून हलली नाही.

भागोजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "आई हाय तुला?"

"आहे."

"सांगून आलास तिला?"

"हो. रडली खूप."

भागोजी उंबऱ्यावर बसले. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. नखं तुटेस्तोवर चिखल उकरलेले हात होते ते. स्वतःचा जीव त्यांचा होता, पोरगीही त्यांची होती. पण हा पोरगा दुसऱ्या बाईचा होता.

"ह्याच्या आईला पण हातानं उकरायला लावू काय?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग उठले. "श्रुतू, भांडी बांध गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं उतरायला लागली. ढग महाबळेश्वरच्या बाजूने खाली झुकले होते.

"खरंच राहिला असतास?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"घाबरला नसतास?"

"रोज घाबरलो असतो."

"मग कशाला आलास, मेल्या…" तिने त्याची बाही घट्ट धरली. "मला पण आवडतोस तू. कळलं?"

पुढच्या वळणावर भागोजी थांबले. तिथून पुढे पलीकडचा डोंगर दिसत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि समोरच्या लाल मातीकडे तोंड करून, रोज कामाला निघताना म्हणायचे तसं म्हणाले, "बनू, येतो गो."

पाच वर्षांत पहिल्यांदा श्रुतिका मोठ्याने रडली. ऋत्विकने वळकटी खाली ठेवली आणि तिचं रडणं होईपर्यंत तो तिच्याजवळ उभा राहिला.