शेकोटीतला दगड

दिवाणखान्याच्या भिंतीतल्या शेकोटीचा दगड निघाला. मागचा कोनाडा रिकामा होता. एडमंड हारकॅसलनं हात आत घालून पुन्हा चाचपलं. त्याच्या बायकोचा, कॉन्स्टन्सचा, नीलमण्यांचा हार गेला होता.

दुपारी मिस लेसी त्याच्या वाड्यावर, ॲशगिल हॉलवर आल्या. गुप्तहेर कसल्या, शाळेतल्या बाईच वाटत होत्या.

"ही जागा कुणाला ठाऊक होती?"

"मला आणि बायकोला. ती वसंतात गेली. दफन झाल्यावर हार मी आत ठेवला आणि दगड स्वतः बसवला. ऑर्चर्ड गवंड्याच्या पोत्यातलं सिमेंट घेतलं. आज तिचा वाढदिवस, म्हणून छिन्नीनं फोडून काढला."

शेकोटीपुढे सांध्याचा चुरा पडला होता. मिस लेसींनी एक खडा नखानं दाबला. त्याचं पांढरं पीठ झालं. त्यांनी बोटं पुसली.

ऑर्चर्ड वसंतापासून घराची दुरुस्ती करत होता. गावानं त्याला चोर ठरवूनही टाकलं होतं.

"मी सगळं सिमेंटात करतो, बाई," तो म्हणाला. "पटकन धरतं. त्यापायी फेनसाहेबांच्या शिव्या खातो."

रूपर्ट फेन एडमंडचा कॉलेजपासूनचा मित्र. वास्तुकार. दुरुस्तीवर देखरेख त्याचीच.

"शिव्या कमीच पडतात त्याला," रूपर्ट हसला. "तीनशे वर्षांचा दगड श्वास घेतो, मिस लेसी. सिमेंट म्हणजे त्याच्या नाकातोंडात बोळा. माझ्या हातून या भिंतींना चुन्याखेरीज काही लागणार नाही."

"म्हणूनच सापडलात," मिस लेसी म्हणाल्या.

एडमंडला काही कळेना.

"मिस्टर हारकॅसल, तुम्ही भरलंत सिमेंट. आज फोडलात तो चुना. नखानं सिमेंटचं पीठ होत नाही. म्हणजे मध्ये कुणीतरी दगड काढून परत बसवला. ऑर्चर्डनं सिमेंटच लावलं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, पोतं हाताशी होतं. यांना मात्र चोरी जमली, पण त्या दगडाला सिमेंट लावणं जिवावर आलं."



"जागा तुला कुणी दाखवली?" एडमंडनं रूपर्टला विचारलं.

"तिनंच. तू लंडनला असायचास, तेव्हा." रूपर्टनं छातीजवळच्या खिशातून हार काढून टेबलावर ठेवला. "चोरी म्हणू नकोस, एडमंड. मीच दिला होता तिला."

"मला म्हणाली, आत्याचा आहे." एडमंड हाराकडे बघत राहिला. "त्याची कडी फार बारीक आहे. दर खेपेला मीच लावून द्यायचो."