मडमेचा टब

यातलं काहीच रचलेलं नाही. गाव शेवगाव तालुक्यातलं आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ते घर अजून उभं आहे आणि त्यात माणूस राहतो.

त्या माणसाचं नाव कृपादान भिंगारदिवे. मिशनच्या शाळेत शिपाई. शाळेच्या आवारात एक जुना बंगला आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्या शाळेनं त्याला राहायला दिलेल्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, कुलपं लावून कृपादान दुपारी घरी आला. बायको मरिया बहिणीबरोबर डोळे दाखवायला नगरला गेली होती. जाताना ताट झाकून ठेवलं होतं. तो जेवायला बसला.

आणि न्हाणीतून आवाज आला...

पाणी भरल्याचा.

नळाला पाणी यायचा दिवस होता. रिकाम्या टबात पाणी पडतं तेव्हा आवाज वेगळा असतो, टब भरत आला की वेगळा. मरिया भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून उठायची आणि नळ बंद करायची.

आताही आवाज बदलत गेला. बारीक होत गेला.

मग नळाची चावी करकरली...

आवाज बंद.

"आलीस व्हय?" त्यानं जेवता जेवता विचारलं.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"लवकर घावली गाडी. काय म्हनला डॉक्टर?"

तेवढ्यात फोन वाजला. मेव्हणी सिल्व्हिया होती.

"दाजी... ताई गेली हो."

"कुठं गेली?"

"स्टँडवर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, संपलं सगळं."

"काय बोलती तू? मरिया घरी हाय. आत्ता न्हाणीत पानी भरलं तिनं."

पलीकडं सिल्व्हिया रडायची थांबली.

कृपादान फोन कानाला तसाच धरून न्हाणीत गेला.

टब काठोकाठ भरला होता. पाणी अजून हलत होतं.

न्हाणीत कोणी नव्हतं.

टबाबद्दल सांगायला हवं.

बिडाचा जड टब. चार पाय असलेला. मिशनची कुणी मडम फार पूर्वी त्या बंगल्यात राहायची, तिनं तो आणवला म्हणतात. म्हणून मडमेचा टब. मडम गेली, टब राहिला. त्यात बसून आंघोळ करायची कुणाला सवय? नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं. मरिया त्या टबाचा हौद म्हणून वापर करायची. वर फळ्या टाकायची आणि तांब्यानं पाणी काढायची. उन्हाळ्यात शेजारच्या बायकाही कळशी घेऊन यायच्या. ती कुणाला नाही म्हणायची नाही.

मरियाला मूठमाती दिली. पाहुणे आले, गेले. लेक प्रार्थना पुण्याहून आली होती, तीही परत गेली.

घरात कृपादान एकटा उरला.

आणि टब भरत राहिला.

नळाला पाणी यायच्या दिवशी तो शाळेतून यायचा, तेव्हा टब भरलेला असायचा. कधी घरात बसलेला असताना आवाज यायचा... भरत जाणारा, बारीक होत जाणारा... मग चावी करकरायची.

तो घाबरला नाही. घाबरायला अंगात जोर लागतो. त्याचा जोर संपला होता. उलट त्याला बरं वाटायचं. संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचा आणि दिवसभराचं सांगायचा. हेडमास्तर काय म्हणाले, कोणाची म्हैस व्याली, भाजीत मीठ कसं जास्त पडलं.

आतून काही उत्तर यायचं नाही. पण आत कुणीतरी ऐकतंय, एवढं त्याला कळायचं.

पावसाळा संपताना प्रार्थनाचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, असं सासरच्यांनाही वाटत होतं.

"ये की पोरी," कृपादान म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला.

"येते, पप्पा. पण आधी त्या टबाचं बघा. पाणी लाल येतं त्यातलं. बाळाला ते पाणी नको."

"बघतो."

"आणि पप्पा..."

"काय गं?"

"मम्मी असताना मला त्या न्हाणीची भीती वाटत नव्हती."

 एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

लेक घरी यावी, नातवंड या घरात रडावं, एवढंच आता त्याला हवं होतं. मध्ये तो टब होता. तळाचा पांढरा मुलामा उडाला होता, खाली गंज चढला होता.

शेवगावचा अमृत पाण्याच्या टाक्यांना फायबरचा लेप मारायचा. त्याला बोलावलं. त्यानं टबाला एक फेरी मारली.

"काका, ह्यो टब हाय का होडी? जायकवाडीत सोडून द्या याला."

"बाहेर काढता आला असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

दार अरुंद होतं. टब आधी ठेवला आणि भिंत नंतर बांधली, असं दिसत होतं. टब काढायचा तर भिंत फोडायची, आणि भिंत शाळेची.

अमृतनं गंज घासला, लेप मारला. टब पांढराशुभ्र झाला.

"आता दोन दिवस थेंब लागू द्यायचा न्हाई. बाहेरचा कॉक मी बंद करतो. चावी माझ्याकडंच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कृपादान खाटेवर पडला होता. नळाला पाणी यायचा दिवसही नव्हता.

न्हाणीतून आवाज आला...

टब भरला होता. ओला लेप सुटून दुधावरच्या सायीसारखा पाण्यावर तरंगत होता.

अमृत आला आणि बघतच राहिला.

"काका, राग मानू नका. तुमीच भरलं का? मानसाला सवय असती."

"आरं, कॉकची चावी तुझ्याच खिशात हाय की."

अमृतनं खिसा चाचपला. चावी खिशात होती.  त्यानं पुन्हा घासलं, पुन्हा लेप मारला.

पुन्हा तेच झालं.

प्रार्थनाला सातवा संपत आला होता. ती रोज विचारायची, "झाला का टब?" कृपादान म्हणायचा, "होतोय."

एका संध्याकाळी तो पाट टाकून उंबऱ्याशी बसला. फार दमला होता.

"मरिया," तो म्हणाला, "पोर यायचीय. बाळ व्हायचंय तिला. ह्याच न्हाणीत त्याची आंघोळ होईल. तेवढा टब नीट होऊ दे. मग काय भरायचं ते भर."

नळातून थेंब पडत होता. तो थांबला...

बाहेर झाडावर पाखरांचा कलकलाट चालला होता. तोही थांबला.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सगळं पहिल्यासारखं सुरू झालं.

त्यानंतर अमृतनं मारलेला लेप टिकला. वाळला. कडक झाला. टब कोरडा राहिला.

कृपादानला रडू आलं. बायकोनं ऐकलं होतं. त्यानं लगेच प्रार्थनाला फोन केला. रविवारची उपासना झाली की जावई जस्टिन तिला गाडीनं आणून सोडणार, असं ठरलं.

शनिवारी दुपारी त्यानं शेजारच्या भीमाबाईला बोलावलं. आळीतल्या निम्म्या लेकरांना तिनंच न्हाऊमाखू घातलेलं. न्हाणी बघून घ्या, काय काय लागेल ते सांगा, म्हणाला.

"आधी पाट दाव," भीमाबाई म्हणाली. "मला आता खाली बसवत न्हाई. आन् पाट डुगडुगला तर तुझ्या डोक्यात घालीन."

तो हसला. दोघं न्हाणीत गेले.

न्हाणीत वाफ होती...

टब भरला होता. काठोकाठ. कुठल्यातरी साबणाचा वास येत होता. घरात तसला साबण कधी आलेला नव्हता.

भीमाबाईनं पाण्यात कोपर बुडवलं. बायका लेकराचं पाणी असंच बघतात.

"कोमट हाय," ती म्हणाली. "लेकराला लागतं तेवढंच. पर तू टबात कशाला काढलंस रं?"

"मी न्हाई काढलं."

"मग?"

कृपादान जरा घुटमळला. मग सांगून टाकलं. "मरिया काढती, मावशी. ती गेल्यापासून तीच भरती."

भीमाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग पाण्याकडं. तिनं हात हळूच बाहेर घेतला आणि लुगड्याला पुसला.

"किरपा, खुळा का काय तू? तुझ्या प्रार्थनाला मी अन् मरियानं हितंच न्हाऊ घातलं. पायावर घेऊन. आपल्यात लेकरू पायावर घेत्यात. मरिया लेकरासाठी टबात पानी काढंल व्हय? तेबी एवढं? बुडंल की ते!"

कृपादाननं टबाकडं पाहिलं.

"ही आपली पद्धत न्हाई," भीमाबाई हळू आवाजात म्हणाली. "ही आपल्यातली कोन न्हाई. चल भाईर."

दोघं वळले.

मागं पाण्याचा आवाज झाला...

भरल्याचा नाही. कुणीतरी पाण्यात हात फिरवून ते किती ऊन आहे हे बघावं, तसा.

दोघांनीही मागं पाहिलं नाही.

अंगणात आल्यावर कृपादाननं प्रार्थनाला फोन लावला.

"पोरी, येऊ नको."

"म्हणजे? पप्पा, सामान भरून झालंय माझं. टब झाला म्हणालात ना तुम्ही?"

"झाला. पण येऊ नको."

"का?"

"घर बरं न्हाई."

ती म्हणाली, "मम्मी असती तर असं बोलली नसती." फोन ठेवला.

बाळंतपण पुण्यालाच झालं. मुलगी झाली. कृपादान जाऊन बघून आला. प्रार्थना त्याच्याशी दोन शब्द बोलली, जास्त नाही. जस्टिनच्या आईनं नात पायावर घेतली आणि न्हाऊ घातलं, तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता.

तो गावी परतला. दुसरीकडं जायला त्याला घर नाही. भिंत फोडायला शाळा परवानगी देत नाही. टब जागेवरच फोडू म्हटलं, तर अमृत फोन उचलत नाही. स्वतः घण मारावा असं कितीदा वाटलं. पण टब फोडला, तर जे त्यात हात फिरवतं ते कुठं जाईल?

पाणी आता रोज दुपारी भरतं. कोमट. तो बूच काढून सोडून देतो. उंबऱ्याशी बसून आता काही सांगत नाही.

एका गोष्टीनं मात्र त्याची झोप गेली आहे. इतके दिवस तो ज्याच्याशी बोलला, ती मरिया नव्हती. म्हणजे मरिया एकदाही आली नाही. आणि बाळ येणार हे त्या कुणाला तरी त्यानंच सांगितलं.

नात आता बसायला लागली आहे. प्रार्थनाला त्यानं खरं कारण अजून सांगितलेलं नाही.