या, बसा

नूतन राजुरीची. दूध संघाच्या गावोगावच्या केंद्रांतले राउटर तिच्या ताब्यात असत. राउटरची सेटिंग उघडू पाहणाऱ्याला पासवर्डच्या आधी पडद्यावर एक ताकीद दिसावी, असा वरून हुकूम आला होता. ती ताकीद घालत ती आंबेगावच्या डोंगराकडे शेवटच्या केंद्रावर पोचली.

केंद्र म्हणजे लंकाबाईची ओसरी. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा सगळे वर आले. लंकाबाईचा नवरा, भिका, भात कांडायचं उखळ राहिलं म्हणून परत खाली उतरला. पाणी चढत गेलं. उखळही आलं नाही अन् माणूसही. तेव्हापासून लंकाबाई एकटी राही, गिरणीतून तांदूळ सडून आणी.

नूतननं लॅपटॉपची केबल राउटरला जोडली. लंकाबाईनं गवती चहाचा कप पुढं सरकवला.

"काय लिवतीस गं?"

"ताकीद, मावशी. परक्यानं आत येऊ नये म्हणून."

"लिव, लिव. मीबी तेच करते. तिन्हीसांजंला पाण्याकडनं हाक येती, आलो गं म्हणून. मी वो देत न्हाई. एकदा या म्हणलं, की बसलं ते घरात."

कोंबड्यांबद्दल बोलावं तशी ती बोलत होती.

"हाक कुणाची?"

"नाव कसं घिऊ?" लंकाबाईनं पदर सारखा केला.

नूतन कसंनुसं हसली. अक्षरं पडद्यावर नीट उमटतात का, हे बघायला तिनं आधी ताकिदीच्या जागी काहीतरी टाइप करून सेव्ह केलं. राजुरीत दारात आलेल्याला म्हणतात तेच बोटांतून उतरलं : राम राम. या, बसा. खरी ताकीद मग घालायची होती. तेवढ्यात वळणावर घोडेगावच्या एसटीचा हॉर्न वाजला. पुढची गाडी नव्हती. तिनं केबल पिशवीत कोंबली आणि धावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात तिचे वरिष्ठ दादाभाऊ त्या राउटरचा पडदा बघून खो खो हसले. "नूतनबाई, चोराला पायघड्या घालताय व्हय? या, बसा म्हणं!"

तिनं जीभ चावली. इथूनच बदलता येणार होतं. पासवर्ड घालून ती त्या राउटरमध्ये शिरली.

आत आणखी कुणीतरी होतं. दुरून आलेलं नव्हतं. थेट राउटरला केबल लावून बसलेलं दिसत होतं.

केबल तिच्या पिशवीत होती.

तिनं फोन लावला. "मावशी, राउटरपाशी कोण बसलंय?"

पलीकडून आधी नुसता आवाज आला. धप्. धप्. मुसळाचा. लांबून, जाड पडद्याआडून यावा तसा.

"तूच म्हणलीस की, या," लंकाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

नूतननं त्या दुसऱ्याला बाहेर काढायची आज्ञा दिली. घाईघाईनं नवी ताकीद घातली : परवानगीशिवाय आत येऊ नये.

तिचीच जोडणी तुटली.

तिनं पुन्हा उघडून पाहिलं. तिचंच वाक्य समोर आलं, मग पासवर्डची जागा. पासवर्ड चालला नाही. पुन्हा घातला. नाही.

फोनमधलं कांडण थांबलं होतं.

"मावशी, दार उघडा अन् बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

लंकाबाईनं फोन तोंडापासून लांब धरला असावा. नूतननं कधी न ऐकलेल्या, दबक्या, नव्या नवरीसारख्या आवाजात ती म्हणाली, "अवं, नूतन हाय. राजुरीची. बाहीर बोलावतीया."



मग फोन जवळ आला.

"न्हाई म्हणत्यात."