तिरंग्यांच्या गर्दीत

खामगावच्या बसस्टँडवर पिंपळगाव राजाची गाडी अजून लागायची होती, आणि नेमका तेव्हाच समताचा मोबाइल बंद पडला. भारत विरुद्ध मंगोलिया — मोबाइल गेमचा सामना ऐन रंगात आलेला. बाकावर शेजारी बसलेला मुलगा तोच सामना पाहत होता. तिची मान हळूहळू तिकडे वळली…

"अशी चोरून काऊन पाह्यतं?" त्यानं मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. "हे घे, एक इअरफोन."

पडद्याच्या कडेला चॅट धावत होतं — तिरंगा, तिरंगा, पुन्हा तिरंगा. त्यात त्यानं लिहिलं, 'पोट्टेहो, दम धरा बे.' समता खुदकन हसली.

"हासून काऊन राह्यली?"

"साऱ्या देशात वऱ्हाडी लिवणारा तू एकटाच हायस."

"मंग तू बी ये ना. दोघं होऊ."

त्याचं नाव शाकिर. शेगावचा, कॉलेजला खामगावात. पुढे प्रत्येक सामन्याला समता स्कोअरच्या आधी चॅटमध्ये त्याचं नाव शोधू लागली. हजारो अनोळखी माणसांच्या गलक्यात तो विचारायचा, 'जेवली काय?' — आणि घरात एकटी असूनही ती लाजायची.

अंतिम सामन्यात पुन्हा मंगोलियाच समोर होता, आणि भारत हरला. शाकिरनं लिहिलं, 'मंगोलियावाले भारी खेळले. मानलं.' कुणीतरी त्याचं नाव वाचलं. 'तुझ्या देशात जा.' मग दुसरा, तिसरा… चॅटभर तेच. समतानं भराभर टाइप केलं, 'तो आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला आहे.' अंगठा थबकला. आता हे सगळे आपल्यावर तुटून पडतील… तिनं ओळ पुसली आणि इतरांसारखाच एक तिरंगा पाठवला. शाकिरचं नाव त्यानंतर दिसलं नाही. फोनही त्यानं उचलला नाही.

शेवटी एका दुपारी तिनं त्याला बसस्टँडवर गाठलं.

"मी झेंडा पाठवायले नको होता."

"झेंड्यात काय चुकलं? माहा बी तोच हाय." तो खाली पाहत म्हणाला. "तुह्यं नाव दिसलं, तं वाटलं — आता ही काहीतरी बोलीन. लय वाट पाह्यली मी."

"भेली मी, शाकिर." ती एक पाऊल पुढे आली. "अन्… मले तू आवडतं."

शेगावची गाडी सुटायला आली होती. त्यानं पिशवी खांद्याला लावली, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून पाहिलं.

"मले बी तू आवडत होती," तो म्हणाला आणि आत गेला.

"होती?" समतानं विचारलं. पण तोवर कंडक्टरनं दार ओढून घंटी दिली होती.