चार नंबरची रांग

आर्विनने खालचा खोका ओढला आणि वरचे सहा त्याच्या अंगावर आले.

"अहो, खालचा ओढायचा नसतो!" लिझेल धावत आली. "कोण तुम्ही? आणि माझ्या रांगेत काय करताय?"

"मालमोजणीवाला. मालकीण मॅडम चुआंनी बोलावलंय." खोक्यांच्या ढिगातून तो हसला. "रांग तुमची? कुठे लिहिलंय?"

"लिहावं लागत नाही. माझ्या डोक्यात आहे."

आणि ते खरंच होतं. बानावे रस्त्यावरच्या चुआंच्या गोदामात गाड्यांचे नऊ हजार सुटे भाग, आणि कुठला कुठे आहे हे एकट्या लिझेलला ठाऊक. ती तापाने पडली की प्रवाशांच्या जीपनीगाड्या चालवणारे रिकाम्या हाताने परत जात. म्हणून आता प्रत्येक खणाला क्रमांक, प्रत्येक खोक्याला चिठ्ठी आणि सगळी नोंद संगणकात. महिनाअखेरच्या शनिवारी नोंद आणि माल जुळला की आर्विनचं काम संपलं. नाही जुळला, तर या रस्त्यावर त्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

पहिले दोन दिवस लिझेलने नाकावर माशी बसू दिली नाही. तिसऱ्या दिवशी तो दुपारच्या सुट्टीत साखरेत तळलेल्या केळ्याचे दोन गरम तुरोन घेऊन आला.

"क्लच प्लेटा दारापाशी का ठेवल्यात, मॅडम?"

"म्हातारे ड्रायव्हर नेतात त्या. त्यांचे गुडघे दुखतात, सर. आतपर्यंत कशाला चालायला लावायचं?"

त्याचं पेन थांबलं. "मग दारापाशीच राहू देत. क्रमांक त्यांच्या मागे जाईल."

लिझेलने तेव्हा त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्याच्या ओठाला केळ्याची साखर चिकटली होती... आणि इतक्या वर्षांत तिला "का" असं विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

आठवड्याभरात 'सर' गेलं, 'मॅडम' गेलं. कुठला खण रिकामा, कुठला माल वर्षभर पडून, हे सांगता सांगता दोघांचे डबे एकत्र उघडू लागले.

शेवटच्या गुरुवारी सगळं जुळलं. एकूण एक. आर्विन खुशीत शीळ घालत होता आणि लिझेलने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. म्हणजे शनिवारी हा जाणार! तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या चार नंबरच्या रांगेतलं एक बेअरिंग हळूच डब्याच्या पिशवीत टाकलं.

शुक्रवारी मोजणीत दोन कमी भरली.

"दोन?" तिच्या तोंडून निघालंच. "पण मी तर..." तिने जीभ चावली.

रात्रभर मनाने तिला खाल्लं. त्याच्या पोटावर पाय देऊन त्याला थांबवायचं, हे कसलं प्रेम? शनिवारी सकाळी तिने बेअरिंग जागेवर ठेवलं आणि आणखी काही हलू नये म्हणून तिथेच ठाण मांडून बसली.

अकराला मॅडम चुआंनी कागद घेऊन स्वतः मोजणी केली. "चार नंबर. एक बेअरिंग कमी. आर्विन, सामान आवर."

"मॅडम, त्याची चूक नाही!" लिझेल उठून पुढे आली. "परवा मी एक लपवलं होतं. आज परत ठेवलंय. दुसरं कुठे गेलं, देवाशपथ ठाऊक नाही. काढायचं तर मला काढा."

"तू? का गं?"

"मोजणी जुळली की हा जाणार... आणि मला तो जायला नको होता."

आर्विन कानापर्यंत लाल झाला. त्याने आपल्या पिशवीत हात घातला आणि एक बेअरिंग बाहेर काढलं.

"हे घ्या दुसरं. सकाळीच ठेवणार होतो, मॅडम. पण ही बया रांगेतून हलेल तर शपथ!"

"नऊ हजार भागांत तुला माझ्याच रांगेतलं सापडलं?" लिझेलला रडताही येईना, हसताही येईना.

"दुसऱ्या रांगेतलं हरवलं असतं, तर विचारायला तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

मॅडमनी बेअरिंग खणात ठेवलं, कागदावर खूण केली. "जुळलं. माझा माल नीट लावलाय, म्हणून सोडते दोघांना. लिझेल, सोमवारी वेळेवर ये. आणि तू रे चोरा, तुझं काम संपलं. नीघ!"

दारापाशी तो घुटमळला. "आता इथे यायला काही निमित्तच उरलं नाही..."

"मग घरी ये. उद्या, चर्चनंतर. पुढच्या दाराने ये आणि बाबांसमोर बस. आमच्याकडे मुलीच्या घरी मुलगा असाच येतो."

"कशाला आलास, असं विचारलं तर?"

"मी आज सगळ्यांसमोर बोलले ना? आता तुझी पाळी."

"लिझेल आवडते, म्हणून आलो... असं सांगू?"

"हो. पण जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली. "बाबांना कमी ऐकू येतं."